आमच्या बोअरचं गोड पाणी

कावीळ झाली की माणूस पिवळा पडतो हे सगळ्यांना माहीत असतं. माणूस किती थकतो हे मात्र कुणी सांगत नाही. तांब्या उचलून तोंडाला लावायचा तर आधी बसून विचार करावा लागतो, उचलावा का राहू द्यावा. मी बावन्न वर्षांची बाई, डाळिंबाच्या बागेत मजूर बायकांच्या बरोबरीनं दिवसभर उभी राहणारी. त्या दिवसांत केस विंचरता विंचरता मध्येच फणी डोक्यात तशीच ठेवून आडवी होत होते. आता बरी होऊन सहा महिने झाले, तरी तो थकवा अंगातून पुरता गेलेला नाही.

आमच्या उपकेंद्रातल्या नर्सबाई म्हणाल्या, "काकू, तुमचं लिहून द्या. बायकांच्या बैठकीत वाचून दाखवते." मी म्हटलं, लिहीन, पण स्वतःची बाजू घेऊन लिहिणार नाही. त्या म्हणाल्या, तसंच लिहा.

पाणी

आमचं गाव आटपाडीच्या बाजूला. नदीचं पाणी उचलून आणणारा कॅनॉल आता शिवारातून जातो, त्यावर बागा तगल्या आहेत. पण प्यायचं पाणी अजून ज्याचं त्यानं बघायचं. ग्रामपंचायतीचा नळ चार-चार दिवस येत नाही आणि हातपंपाचं पाणी इतकं मचूळ की त्यात डाळ शिजत नाही. आमचे हे फौजेतून रिटायर होऊन आले तेव्हा त्यांनी पहिलं काम केलं ते परसात बोअर मारण्याचं. तो चार वर्षं चालला आणि आटला. मग पाणाड्या आणला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो परसभर फिरला, आणि पहिल्या बोअरपासून दहा-बारा पावलांवर नारळ उभा राहिला. तिथं लागलेलं पाणी गोड निघालं.

गल्लीतल्या बायका कळशा घेऊन यायला लागल्या तेव्हा मी भिंतीबाहेर एक जादा तोटी काढून दिली. "सुनंदाच्या बोअरचं पाणी लय गोड," असं कुणी म्हटलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. ज्या गावात पाहुण्याला पाणी देताना बाई आधी माफी मागते, त्या गावात माझ्या घरचं पाणी लोक मागून प्यायचे. मला त्याचा ताठा होता. नाही कशाला म्हणू?

माझी सून शीतल दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली. तिचं माहेर कराडजवळ, कृष्णाकाठी. औषधशास्त्राचा डिप्लोमा केलेली, शांत पोरगी. माझा मुलगा विशालही फौजेत आहे आणि त्याची पोस्टिंग लांब सीमेवर, त्यामुळं ती बहुतेक माझ्याच जवळ. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं पातेलंभर पाणी चुलाणावर ठेवलं.

"काय करतीस गं?"

"प्यायचं पाणी उकळतीय आत्या."

"अगं, दगडाच्या पोटातनं आलेलं पाणी हाय हे. तुमच्या नळासारखं औषध मारलेलं न्हाई. ह्याला काय उकळायचं? आमच्या पाण्याला नावं ठिवतीस व्हय?"

ती हसली. महिनाभर माझ्या माघारी उकळत राहिली, मग तिनं सोडून दिलं. मी तिच्या माहेरी गेले की पाण्याचा पेला नाकाजवळ न्यायची आणि म्हणायची, "दवाखान्यात आल्यागत वाटतंय बाई." सगळे हसायचे. शीतलही हसायची.

पाइप

आमची थोरली जाऊ, आक्का, भिंतीला भिंत लावून राहते. दीर गेल्यापासून ती, तिचा मुलगा, सून आणि दोन म्हशी. आमच्या संडासाच्या टाकीतून जादा झालेलं पाणी उघड्या गटारीनं तिच्या दारावरून जायचं. बारा महिने वास. ती सांगायची, मी ऐकून सोडून द्यायची. गेल्या उन्हाळ्यात मात्र तिनं भर गल्लीत उभं राहून विचारलं, "सुनंदा, तुझ्या घरची घाण माझ्या उंबऱ्याला कशापायी? पाणी तेवढं गोड आन् बाकीचं मी हुंगायचं व्हय?"

चार बायका तोटीवर कळशा भरत होत्या. त्यांच्यासमोर झालेलं मला फार लागलं. आक्कानं त्या दिवसापासून माझ्या तोटीचं पाणी बंद केलं आणि हातपंपाचं मचूळ पाणी भरायला लागली. मीही बोलायचं बंद केलं. शोषखड्डा काढायचा तर आमच्या परसात हातभर मातीखाली कातळ. यंत्र आणावं लागणार, अंगण फोडावं लागणार.

हे विशालला भेटायला गेले होते तेव्हाची गोष्ट. तोटी गळते म्हणून आटपाडीहून प्लंबर आला होता. परसात पहिल्या बोअरचा पाइप तोंडावर फरशी ठेवून तसाच उभा होता. त्याच्याकडं बघता बघता माझ्या डोक्यात आलं. मी म्हटलं, "टाकीचं पाणी ह्यात सोड की. मोकळाच हाय."

प्लंबरनं एकदा माझ्याकडं बघितलं. "सोडू म्हणता?"

"सोड. जाईल पाताळात."

तासाभराचं काम. संध्याकाळपर्यंत गटार कोरडी. दुसऱ्या दिवशी आक्कानं भिंतीवरून शेंगदाण्याच्या चटणीची वाटी पुढं केली, पाणी मात्र ती हातपंपाचंच भरत राहिली. हे आल्यावर मी सांगितलं, शोषखड्डा करून घेतला. त्यांनी शाबासकी दिली. शाळेच्या भिंतीवर पाणी जिरवायला सांगणारं चित्र आहे. त्याच्यासमोरून जाताना मला वाटायचं, आपण पण जिरवलं की. आमचं पिण्याचं पाणी त्याच पाताळातून वर येतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. येऊ दिलं नाही असंही असेल.

बेंदूर

पाऊस यंदा आमच्याकडं बरा झाला. बेंदराच्या दिवशी, बैलांच्या सणाला, मी पुरण शिजवत होते आणि अचानक त्या वासानं मला उलटी आली. आयुष्यात कधी पुरणाचा कंटाळा न आलेली मी! दोन दिवस ताप, मग अंग खाजायला लागलं आणि लघवी हळदीच्या पाण्यासारखी. आमच्याकडं असं झालं की कुणी डॉक्टरकडं जात नाही. शेजारच्या गावात कावीळ उतरवणारा माणूस आहे, त्याच्याकडं जातात.

त्यानं माझ्या हाताला कसलासा पाला चोळला आणि पितळी ताटलीत चुन्याच्या निवळीवर हात धरायला लावले. हातावरून ओघळलेलं पाणी पिवळंधमक. "बगा, किती साठली हुती," तो म्हणाला. बरोबर आलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. मलाही त्या क्षणी हलकं वाटलं. तीन वार जायचं आणि रोज उपाशीपोटी काढा प्यायचा. पुढं सांगलीच्या डॉक्टरांनी त्या काढ्याचं नाव विचारलं तर मला सांगता येईना. यकृताला आधीच सूज, त्यात मी रोज पेलाभर काय ओतत होते ते देवाला ठाऊक.

आता यातली माझी दुसरी चूक. शीतलला सातवा चालू होता. बेंदूर झाला की तिचे आईवडील तिला पहिल्या बाळंतपणाला न्यायला येणार हे ठरलेलं होतं. ते आले, साडी-चोळी, फळं घेऊन आले. मी अंथरुणावर. मी म्हटलं, "मला जरा उठून बसू द्या, मग न्या. घरात बघाय कुणी न्हाई."  विहीणबाईंनी शीतलकडं बघितलं. शीतल म्हणाली, "राहते आई, आठ दिवसांचा तर प्रश्न हाय."

ते दोघं परत गेले. शीतल माझं पथ्य रांधत राहिली, काढा गाळत राहिली आणि त्याच तोटीचं पाणी पीत राहिली.

आरशात

मला उतार पडेना. सोळाव्या का सतराव्या दिवशी दुपारी शीतल माझ्या उशाशी येऊन बसली. हातात छोटा आरसा.

"आत्या, माझ्या डोळ्यात बगा जरा."

मी बघितलं. पांढरं होतं ते लिंबाच्या सालीसारखं झालं होतं. ती शिकलेली होती, तिला आधीच कळलं होतं. तिला फक्त दुसऱ्या कुणीतरी म्हणायला हवं होतं.

"चार दिवस झालं मळमळतंय," ती म्हणाली. "मला वाटलं, बाळामुळं."

मी उठायला गेले आणि कॉटच्या कडेलाच खाली बसले.  यांनी पुतण्याची जीप बोलावली. आक्का धावत आली आणि तिनंच शीतलची पिशवी भरली. मला दोन्ही बगलांत हात घालून तिनं जीपमध्ये बसवलं. भिवघाट उतरेपर्यंत शीतल माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती. आपण हिला माहेरी जाऊ दिलं नाही, आता हिच्या आईला काय सांगू, तेच मी जुळवत होते. काही जुळलं नाही.

सांगलीत

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं चांगली होती. रक्त घेतलं, पोटाचा फोटो काढला. संध्याकाळी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी यांना बाहेर नेलं नाही, माझ्यासमोरच सांगितलं, ते मला बरं वाटलं.

"काकू, तुम्हाला दोघींना एकाच प्रकारची कावीळ आहे. घाण पाण्यातून होणारी. तुम्ही थकाल, पण बऱ्या व्हाल. सुनेचं तसं नाही. या महिन्यातल्या बाईला हा आजार फार जड जातो. आम्ही तिला वर आयसीयूत ठेवतोय."

"बाळ?"

"आधी ती. मग बाळ."

मग त्यांनी वही काढली. "पाणी कुठलं पिता?"

"घरच्या बोअरचं. गोड हाय," माझ्या तोंडून सवयीनं गेलं.

"संडास बोअरपासून किती लांब आहे?"

"लांब हाय."

ते खोटं नव्हतं. संडास लांबच होता. पाइप जवळ होता. त्यांनी लिहून घेतलं आणि पुढच्या कॉटकडं गेल्या. मी भिंतीकडं तोंड केलं. 

बायकांच्या वॉर्डात माझी कॉट दारापाशी. पहाटे झाडू, मग ताप बघायचा, मग सलाईन, मग पातळ भात. दिवस एवढाच. हातावर सुई टोचायला जागा उरली नव्हती. खाज इतकी की मी नखं कापून घेतली. शेजारच्या कॉटवरच्या बाईचे नातेवाईक डबा उघडायचे आणि तेलाच्या वासानं मी तोंडावर पदर घ्यायची. भांडायचं बळ असतं तर भांडले असते. त्या बाईला ते कळलं आणि तिनं आपला डबा बाहेर बाकावर बसून खायला सुरुवात केली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

वर जायला मला परवानगी नव्हती. वरची बातमी आणायची ती झाडलोट करणारी मावशी. दिवसातून दोनदा ती माझ्या कॉटशी झाडू टेकवून उभी राहायची. "आज डोळं उघडून बगितलं," "आज उलटी न्हाई," असं एक वाक्य, की गेली पुढं. डॉक्टरांच्या तोंडच्या मोठ्या माहितीपेक्षा मला ते एक वाक्य पुरायचं.

तिनंच मला सांगितलं की वर दर दोन तासांनी शीतलला प्रश्न विचारतात. नाव काय, गाव कुठलं, आज वार कोणता. आजार डोक्याकडं चढतोय का हे त्यावरून कळतं म्हणे. चौथ्या दिवशी मावशी आली ती झाडू न टेकवताच बोलली.

"आवं, तुमच्या सूनबाईनं गाव चुकीचं सांगितलं. कागदावर आटपाडीकडचं हाय, ती कराडकडचं सांगती."

थोड्या वेळानं डॉक्टरीणबाईच खाली आल्या. "काकू, तिचं गाव कोणतं नक्की?"

मी म्हटलं, "बाईस्नी दोन गावं असत्यात डॉक्टर. तिनं सांगितलं ते बी तिचंच हाय."

त्या जरा हसल्या, पण वर जाताना त्यांची चाल भरभर होती. मी पडून विचार करत राहिले. पोरगी भ्रमात बोलली, का भानावर राहून बोलली? मला दोन्हीची भीती वाटली.

शीतलची आई वरच्या जिन्याशी बसून असायची. तीन दिवस ती माझ्याकडं फिरकली नाही. चौथ्या दिवशी माझ्या वॉर्डात आली, माझ्या उशाला नारळपाण्याची बाटली ठेवली आणि म्हणाली, "सातव्यात न्यायला आलो हुतो आमी."

एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

विशालचा फोन रोज यायचा. रजा मंजूर होत होती, होत नव्हती. "आई, नक्की काय झालं? पाणी तर आपलं चांगलं हाय न्हवं?" मी म्हणायची, "बाबा, मला बोलाय होत न्हाई." ते मात्र खरं होतं. यांच्याकडं फोन द्यायची आणि डोळे मिटून घ्यायची. हे आयुष्यभर फौजेत काढलेले, पण त्या आठवड्यात मी त्यांना दवाखान्याच्या पायरीवर बसून चपलेच्या अंगठ्याशी चाळा करताना बघितलं. त्यांनाही मी सांगितलं नाही.

सहाव्या दिवशी शीतलला कळा सुरू झाल्या. दिवस भरायच्या कितीतरी आधी. सकाळपासून मावशी आली नाही. मी दाराकडं बघत पडले होते. आयुष्यात मी नवस फार बोलले नाही, त्या दिवशीही जमलं नाही. देवाला काय सांगणार? त्याला पाइप दिसत असणार. दुपारी मावशी आली, झाडू टेकवला आणि म्हणाली, "लेक झाली. दीड किलो. पेटीत ठिवलीया. रडली."

"आन् शीतल?"

"तिची न्हाई सांगता येत अजून."

आणखी तीन दिवस सांगता आलं नाही. रक्ताच्या बाटल्या चढल्या. विशाल आला आणि रक्त देऊन जिन्यात बसून राहिला. चौथ्या दिवशी सकाळी मावशी हसत आली. वरती विचारलेला वार सूनबाईनं बरोबर सांगितला होता, आणि वर म्हणाली होती, रोज रोज तेच काय विचारता, दुसरं काहीतरी विचारा.

मी पांघरुणात तोंड घालून रडले. मावशीनं माझ्या पायावर हात ठेवला. झाडूचा हात होता, मला तो देवाचा वाटला.

काळी बाटली

मला आधी घरी सोडलं. शीतल आणि बाळ आणखी काही आठवडे सांगलीत राहून सरळ कराडला जाणार होत्या. मी घरी आले तेव्हा गल्लीतल्या तीन बायका अंथरुणावर होत्या, तिघी माझ्या तोटीच्या. पुढं बऱ्या झाल्या.

उपकेंद्रातल्या नर्सबाई पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या घेऊन आल्या. बाटलीत पाणी भरून ठेवायचं. दिवसभरात काळं पडलं तर पाण्यात मैला आहे असं समजायचं. एक हातपंपाची, एक ग्रामपंचायतीच्या नळाची, एक आमची. माझ्याच खिडकीत तिन्ही ओळीनं ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दोन होत्या तशाच. आमची काजळासारखी काळी.

गल्ली गोळा झाली. पाणी गोड होतं तेव्हा सगळ्यांचं होतं, आता एकदम आमचं झालं होतं. कुठून घाण मिसळली याचा शोध सुरू झाला आणि सगळ्यांचे डोळे भिंतीपलीकडं गेले. आक्काचा शेणाचा उकिरडा आमच्या बोअरपासून जवळ होता. आणि एक बाई बोललीच, "हिच्या घरात कुणालाच कशी झाली न्हाई?"

आक्का वाचली ती माझ्याशी भांडली म्हणून. माझ्या तोटीचं पाणी बंद केलं म्हणून. पण ते कुणाच्या डोक्यात येईना. सरपंचांनी उकिरडा हलवायला सांगितलं.  ज्या बाईनं मला बगलेत धरून जीपमध्ये बसवलं होतं, आम्ही दवाखान्यात असताना घरी येऊन आमची जनावरं बघितली होती, ती खाली मान घालून घरात गेली.

मी खिडकीत उभी होते. थकले होते. मला वाटलं, चार दिवसांनी बोलू. जरा बळ येऊ दे. मी इतके दिवस हेच करत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का एकटीच पाटीनं उकिरडा उपसत होती. साठी ओलांडलेली बाई. मुलगा कामावर गेलेला. मी भिंतीला धरत धरत गेले आणि उकिरड्याच्या कडेला दगडावर बसले. उन्हाला शेणाचा वास येत होता, पण मला मळमळलं नाही.

"आक्का, टाक ती पाटी."

"सरपंचानं सांगितलंय."

"तुझ्या उकिरड्यानं झालेलं न्हाई हे. म्या केलंय. टाकीचं पाणी म्या जुन्या बोअरात सोडलंय. उन्हाळ्यात. तुझ्या दारात नको म्हणून."

आक्कानं पाटी खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं, मग आमच्या परसाकडं, मग कोरड्या गटारीकडं. 

"घरात कुणाला सांगितलंस?"

"न्हाई. तुलाच पयलं."

"मग आता समद्यास्नी सांग," आक्का म्हणाली. "म्या न्हाई सांगायची. तूच सांग. आन् माझी अर्धी गाडी शेण हलवलंय, ते कोण परत आणून टाकतंय?"

मी हसायला गेले आणि रडू आलं. आक्का पदरानं हात पुसत माझ्याशेजारी टेकली.

त्याच दिवशी मी यांना सांगितलं. ते उठले, पहार घेतली आणि परसात जाऊन पाइप उखडला. मग आत येऊन म्हणाले, "शाबासकी दिली हुती मी तुला." एवढं बोलून दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नर्सबाईंना सांगितलं, सरपंचांना सांगितलं. विशालला फोनवर सांगितलं.  गल्लीतल्या त्या तिघींच्या घरी एकेक करून गेले. एकीनं दार लावून घेतलं, ते अजून उघडलेलं नाही. तोटीला मी स्वतः कुलूप घातलं. आता यंत्र आणून अंगण फोडून शोषखड्डा झाला आहे. बोअर धुऊन, औषध टाकून पुन्हा बाटलीत पाणी भरलं, ते काळं पडलं नाही. तरी आम्ही उकळल्याशिवाय पीत नाही.

परत

बाळ पाच महिन्यांचं झालं तेव्हा आम्ही दोघं कराडला गेलो, शीतलला आणायला. खरं तर ती येईल का नाही याची मला खात्री नव्हती. विहीणबाईंनी जेवायला वाढलं, पण माझ्या ताटाकडं बघून वाढलं, तोंडाकडं बघून नाही. जेवण झाल्यावर शीतल परसात बाळाची दुपटी वाळत घालत होती. मी तिच्याजवळ गेले.

विशालनं तिला सांगितलं असेल असं मला वाटत होतं. त्यानं सांगितलं नव्हतं. "तुझं तू सांग," असं तो मला म्हणाला होता, ते त्यानं पाळलं. मग मी सांगितलं. प्लंबर, फरशी, पाताळ, सगळं. सातव्यात तिला थांबवून घेतलं तेही.

शीतल हातातलं दुपटं पिळत राहिली. त्यातून पाणी निथळायचं थांबलं तरी पिळत राहिली.

"मला वाटायचं माझंच चुकलं," ती म्हणाली. "मी शिकलेली हाय. मला कळत हुतं. तरी उकळायचं सोडलं. पेटीतल्या बाळाकडं बघून मी रोज स्वतःला तेच म्हणायचे."

"माझ्यापायी सोडलंस तू."

 दुपटं झटकून तिनं दोरीवर घातलं.

"येतीस न्हवं?" मी विचारलं. 

"पाणी मी माझ्या हातानं उकळणार," ती म्हणाली. "आन् कुणी काय म्हटलं तर ऐकायची न्हाई."

"कुणी म्हणत न्हाई आता."

निघताना तिनं स्वयंपाकघरातल्या नळाखाली पाच लिटरचा कॅन धरला आणि काठोकाठ भरून घेतला. घरी उकळलेलं पाणी आहे, हे मी बोलले नाही. एसटीत बाळ तिच्या मांडीवर आणि कॅन माझ्या मांडीवर. यांनी तो घ्यायला हात पुढं केला, मी दिला नाही. तिकिटाला कंडक्टर आला. "कुठलं?" शीतलनं आमच्या गावाचं नाव सांगितलं. अडखळली नाही. मी खिडकीबाहेर बघत होते, तरी ऐकत होते.

विट्याच्या अलीकडं ऊन चढलं. उसाची शेतं संपून माळ लागला. प्रवासानं माझ्या घशाला अजून कोरड पडते. शीतलच्या ते लक्षात आलं. तिनं एका हातानं बाळ सावरत दुसऱ्या हातानं कॅनचं टोपण फिरवलं आणि पेला भरून माझ्यापुढं धरला.

"प्या आत्या."

मी प्याले. पाण्याला औषधाचा वास येत होता, पूर्वी यायचा तसाच.

"कसं हाय?" तिनं विचारलं. ती माझ्याकडं बघत होती आणि हसत नव्हती.

"गोड हाय," मी म्हटलं, आणि पेला रिकामा केला.